पडणाऱ्या इमारतीचे वजन

सुपरमॅनचा नवा चित्रपट जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि आमच्याकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांत एक जुना वाद नव्याने पेटला. लातूर काय किंवा नांदेड काय, ही शहरे आता शिकवणी वर्गांची म्हणून ओळखली जातात. दिवसभर भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवणारी मुले रात्री हे चित्रपट पाहतात आणि मधल्या सुट्टीत त्यांवर तावातावाने भांडतात. वादाचा मुद्दा असा : २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’मधला सुपरमॅन खरा की २०२५ चा? एक पक्ष म्हणतो, पहिल्याने खलनायकाशी लढता लढता अर्धे शहर पाडले आणि शेवटी त्याची मानही मोडली. हा कसला रक्षणकर्ता? दुसरा पक्ष म्हणतो, एवढ्या ताकदीची दोन माणसे खरोखर भिडली तर शहर पडणारच. जे खरे तेच दाखवले, त्यात दिग्दर्शकाचे काय चुकले?

असाच एक वाद ऐकत मी बाजूला उभा होतो. इतका वेळ गप्प असलेल्या एका मुलीने मध्येच विचारले, “पण त्या इमारतींत माणसं होती का नव्हती?” दोन्ही पक्ष क्षणभर थांबले. कोणालाच सांगता येईना. सगळ्यांनी चित्रपट दोन-तीनदा पाहिला होता. कोणती इमारत कोणत्या बाजूला कलली हेही त्यांना आठवत होते. आत कोण होते, हे मात्र आठवत नव्हते, कारण ते दाखवलेलेच नव्हते.

मला वाटते, या चित्रपटांचे खरे परीक्षण या प्रश्नापासून सुरू व्हायला हवे. आणि ते करायला आपल्या भागाइतकी अधिकाराची जागा दुसरी नाही. इमारत पडते म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिलेले आहे.

वाद नेमका कशाचा?

आधी चित्रपटांची उजळणी करू. १९७८ साली रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सुपरमॅन’ आला. त्यात ख्रिस्तोफर रीव्ह नायक होता. २०१३ मध्ये झॅक स्नायडर यांनी ती कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली. हेन्री कॅव्हिल हा नायक, मायकेल शॅनन हा जनरल झॉड. झॉडचे लोक पृथ्वीला आपल्या ग्रहासारखे बनवण्यासाठी दोन ठिकाणी यंत्रे लावतात, एक मेट्रोपोलिस शहरावर आणि दुसरे हिंदी महासागरात. त्यात शहराचा मध्यभाग सपाट होतो. उरलेल्या भागात नायक आणि झॉड एकमेकांना इमारतींतून आरपार फेकत राहतात. शेवटी रेल्वे स्थानकात एका कुटुंबाचा जीव वाचवण्यासाठी नायक झॉडची मान मोडतो आणि आक्रोश करतो. त्याच वर्षी दिवाळीत आपल्याकडे आलेल्या ‘क्रिश ३’च्या अखेरच्या लढाईतही मुंबईची मोडतोड आहेच, म्हणजे ही आवड केवळ अमेरिकेची नव्हे.

‘मॅन ऑफ स्टील’वर तेव्हाच टीका झाली. सुपरमॅनच्या चित्रकथा लिहिणारे मार्क वेड यांनी मान मोडण्यावर आक्षेप घेतलाच. शिवाय या नायकाला माणसांची पर्वाच दिसत नाही, असेही म्हटले. आपत्तीतील हानीचे अंदाज बांधणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने गणित मांडले. अशी पडझड खरोखर झाली तर सुमारे १ लाख २९ हजार माणसे दगावतील, असे त्यांचे उत्तर आले. समर्थकांची बाजूही पोकळ नव्हती. नायकाचा तो पहिलाच दिवस होता, शत्रू त्याच्याहून तयारीचा होता, आणि ताकद वापरली की तिची किंमत मोजावीच लागते, हे जुन्या गोडगुलाबी चित्रपटांनी लपवलेले सत्य इथे उघड केले, असे ते म्हणत.

या वादात मुले नायकाची नीतिमत्ता तपासतात. शिक्षक म्हणून आपण एक पायरी आधी जाऊ या. चित्रपटात पडलेली वस्तू खरोखर पडली आहे का, ते तपासू.

एक थाप माफ

शास्त्राचा शिक्षक असे चित्रपट पाहू लागला की पहिला मोह होतो तो चुका मोजण्याचा. माणूस उडतो कसा? डोळ्यांतून किरण कसे निघतात? हा मोह आवरावा. प्रत्येक अद्भुत कथा श्रोत्याकडे एक थाप माफ करण्याची परवानगी मागते आणि ती देण्यात काही बिघडत नाही. मारुतीने द्रोणागिरी उचलला हे ऐकताना आपण डोंगराचे वस्तुमान विचारत नाही.

मात्र परवानगी एकाच थापेची असते. नायक उडतो हे मान्य केले की बाकीचे जग आपल्या ओळखीचे हवे. त्यात दगड जड हवा, पाणी ओले हवे आणि भिंतीखाली सापडलेला माणूस मरायला हवा. तसे नसेल तर नायकाच्या ताकदीलाही अर्थ उरत नाही, कारण हलक्या जगात कोणीही बलवान ठरतो.

जुन्या कथाकारांना हे कळत होते. लंकादहनाची गोष्ट आपण पराक्रमाची म्हणून सांगतो. पण वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात पुढचा एक प्रसंग आहे. लंका पेटवून झाल्यावर हनुमानाच्या मनात येते, या आगीत सीताही जळाली असेल तर? तो स्वतःच्या रागाला दोष देतो, हतबल होतो, आणि ती सुखरूप असल्याचे कळल्यावरच सावरतो. विध्वंसानंतर थांबून, आत कोण होते असे विचारणारा हा वीर आहे. २०१३ च्या चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही.

धडक किती, इमारत किती?

आता थोडे गणित करू. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू.

समजा, नायकाने ठोसा मारला आणि १०० किलोग्रॅम वजनाचा झॉड सेकंदाला ३०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या जवळपास वेगाने, एका उंच इमारतीवर आदळला. त्याची गतिज ऊर्जा ½ × १०० × ३०० × ३००, म्हणजे ४५ लाख ज्यूल. हा आकडा मोठा वाटतो. पण १५ टनांचा भरलेला ट्रक ताशी ९० किलोमीटर वेगाने जातो तेव्हा त्याची ऊर्जा साधारण इतकीच असते. असा ट्रक इमारतीवर आदळला तर भिंत फुटेल, एखादा खांब मोडेल. पन्नास मजले जमीनदोस्त होणार नाहीत.

मग इमारत पाडते कोण? २०० मीटर उंचीची, १ लाख टन वजनाची इमारत घ्या. तिचे वजन सरासरी १०० मीटर उंचीवर आहे असे मानू. तिच्यातील स्थितिज ऊर्जा १० कोटी किलोग्रॅम × १० × १००, म्हणजे १०० अब्ज ज्यूल. झॉडच्या धडकेच्या सुमारे २२ हजार पट! ही ऊर्जा कोणा महाबलीने आणलेली नाही. विटा, सिमेंट, सळ्या वर चढवताना यंत्रांनी आणि मजुरांनी ती त्या इमारतीत साठवली आहे. खांब उभे आहेत तोवर ती गप्प असते. खांब गेले की तीच ऊर्जा इमारतीवर उलटते.

म्हणजे धडक देणारा निमित्तमात्र असतो. इमारत पडते ती स्वतःच्या वजनाने आणि आतला माणूस मरतो तोही त्या वजनाखाली. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये एका ठिकाणी झॉडच्या डोळ्यांतील किरणांनी आतले खांब कापले जातात आणि मग मजले कोसळतात. त्यातले किरण काल्पनिक आहेत, पण खांब गेले म्हणून इमारत गेली ही कारणपरंपरा बरोबर आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र इमारती कागदी खोक्यांसारख्या फाटतात. धूळ उडते आणि कॅमेरा पुढच्या ठोशाकडे वळतो.

किल्लारीचे गणित

हेच वजन आपल्या भागात कसे आले ते पाहू. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा मध्यमच. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, मंगरूळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावेच्या गावे काही सेकंदांत कोसळली. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

मध्यम भूकंपात एवढे बळी का गेले? भूकंप उथळ होता, वेळ झोपेची होती. पण मुख्य कारण घराच्या वजनात होते. आपली जुनी घरे काळ्या दगडाची. दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड भिंती मातीत रचलेल्या. वर लाकडी खणांवर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून दरवर्षी आणखी माती टाकायची. यात अडाणीपणा काही नव्हता. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या मुलखात अशी घरे गार राहत, दगड आणि माती गावातच मिळे. ती भूकंप सोडून सर्व संकटांना पुरेशी होती.

अशा एका खोलीचा हिशेब करा. खोली ३ मीटर × ३ मीटर. माळवदावर मातीचा थर ४५ सेंटिमीटर, मातीची घनता घनमीटरला १७०० किलोग्रॅम. दर चौरस मीटरला ७६५ किलोग्रॅम आणि संपूर्ण छताला जवळजवळ ७ टन. तीन मीटर लांब, अडीच मीटर उंच, ७५ सेंटिमीटर जाड दगडी भिंतीचे वजन यापुढे आणखी सुमारे १२ टन, आणि अशा चार भिंती. झोपलेल्या कुटुंबाच्या भोवती आणि डोक्यावर पन्नास टनांहून अधिक ओझे होते.

न्यूटनचा दुसरा नियम इथे प्रश्नपत्रिकेतून बाहेर येतो. बल = वस्तुमान × त्वरण. जमीन हादरते तेव्हा सर्वांना साधारण सारखेच त्वरण मिळते. समजा ते गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश आहे. ५० टनांच्या घरावर १० टन वजनाइतके आडवे बल येईल. २ टनांच्या कुडाच्या छपराच्या झोपडीवर ४०० किलोग्रॅम वजनाइतके. एकाच गावात, एकाच गल्लीत, गरिबाची झोपडी टिकली आणि वाडा पडला, याचे कारण इतके सोपे आहे. त्यातच भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसताच ते फुगून सुटे झाले. अडीच मीटरवरून पडणारे छत जमिनीला टेकायला ०.७ सेकंद घेते आणि टेकताना त्याचा वेग ताशी २५ किलोमीटर असतो. तेवढ्या वेळात झोपलेला माणूस उठून बसूही शकत नाही. शिवाय मातीचा ढिगारा काँक्रीटच्या ढिगाऱ्यासारखा पोकळ्या सोडत नाही. आत अडकलेल्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

चित्रपटातील धूळ आणि ही धूळ यांत एवढा फरक आहे. न्यूयॉर्कमध्येही ११ सप्टेंबर २००१ रोजी दोन मनोरे पडले तेव्हा अग्निशमन दलाचे ३४३ जवान त्याच दिवशी गेले. त्या धुळीमुळे जडलेल्या आजारांनी पुढच्या वर्षांत दगावलेल्या जवानांची संख्या त्याहूनही वाढली. २०१३ च्या चित्रपटात राखाडी धुळीने माखलेले रस्ते उघडउघड त्या दिवसाच्या चित्रफितींवरून उचललेले वाटतात. दृश्य घेतले, वजन मागे ठेवले.

एक चांगले दृश्य

परीक्षण करायचे तर चांगले तेही सांगायला हवे. याच चित्रपटात दोनेक मिनिटांचा एक प्रसंग आहे. वृत्तपत्राच्या कार्यालयातील एक तरुण कर्मचारी, जेनी, ढिगाऱ्याखाली अडकली आहे. तिचे संपादक पेरी व्हाइट आणि एक सहकारी लोखंडी दांड्याची तरफ करून तिच्यावरचे ओझे हलवायचा प्रयत्न करतात. ते हलत नाही. मागून विनाश जवळ येतो आहे. पळून जाता आले असते, पण पेरी तिचा हात धरून तिथेच थांबतो.

सबंध चित्रपटात मला वजन जाणवले ते इथे. तीन माणसे, एक दांडा आणि न हलणारा ढिगारा. किल्लारीत पहार घेऊन ढिगारे उपसणाऱ्यांची हीच अवस्था होती. या दृश्यात कोणी उडत नाही, तरी ते सर्वांत थरारक आहे, कारण कॅमेरा अडकलेल्या माणसाच्या उंचीवर आला आहे. वजन म्हणजे काय हे दिग्दर्शकाला समजते, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच उरलेल्या लढाईबद्दलची तक्रार अधिक तीव्र होते. समजत असून तो ते विसरतो.

विसरतो किती, ते शेवटी दिसते. अखेरच्या दृश्यात नायक त्याच वृत्तपत्रात नोकरीला लागतो. कार्यालय जसेच्या तसे. एक सहकारी सामन्याच्या तिकिटांच्या गोष्टी करतो आहे. कोणाचा भाऊ गेला, कोणाचे घर गेले, काही नाही. किल्लारीचे पुनर्वसन वर्षानुवर्षे चालले होते आणि ज्यांची माणसे गेली त्यांचे ते कधीच संपले नाही.

पुढच्या दोन चित्रपटांनी काय केले?

टीका वाया गेली नाही. स्नायडर यांच्याच २०१६ च्या ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’ची सुरुवात त्याच विध्वंसाने होते, पण आता तो रस्त्यावरून दिसतो. ब्रूस वेनच्या कंपनीची इमारत कोसळते, तिचा एक कर्मचारी तुळईखाली सापडून दोन्ही पाय गमावतो. शहरात मृतांच्या नावांची भिंत उभी आहे. ही प्रामाणिक दुरुस्ती होती. पण त्याच चित्रपटाच्या शेवटच्या लढाईआधी, ते बेट निर्मनुष्य आहे, ते बंदर ओसाड आहे, असे पात्रांकडून वदवून घेतले आहे. म्हणजे पाडायचे तर आहेच, फक्त आधी जागा रिकामी झाल्याचा दाखला जोडायचा.

जेम्स गन यांच्या २०२५ च्या ‘सुपरमॅन’ने (नायक डेव्हिड कोरेनस्वेट) तोच मार्ग धरला, पण अधिक मनापासून. हा नायक लढता लढता एकेका माणसाकडे लक्ष देतो. एका खारीलाही वाचवतो. त्या खारीवर मुलांनी खूप विनोद केले. मला ते दृश्य आवडले. एवढा बलवान माणूस एवढ्या लहान जिवासाठी वाकतो, यात त्याच्या ताकदीचे माप कळते. पुढे शहर दुभंगते तेव्हा लोकांना आधी बाहेर काढलेले असते. मधल्या सुट्टीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाला या चित्रपटाने उत्तर दिले, हे मान्य करायला हवे. (आपल्याकडे सेन्सॉरने यातील चुंबनाच्या दृश्याला कात्री लावली. मनोरे पडण्याला मुलांच्या डोळ्यांपुढे मुभा राहिली. असो.)

तरी एक शंका उरते. शहर रिकामे झाले की प्रेक्षकाच्या डोळ्यांना विध्वंस पुन्हा मोकळा होतो आणि इमारती पूर्वीइतक्याच हलक्या होऊन पडतात. शिवाय महानगर एवढ्या थोड्या वेळात रिकामे होते, ही दुसरी थाप झाली. खऱ्या स्थलांतराला काय लागते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते. त्यामुळे बळी काही दहांत मोजण्याइतके राहिले. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली होती. पण त्यामागे काही दिवस आधीचा इशारा, निवारे, गाड्या आणि गावोगाव फिरलेले हजारो कर्मचारी होते. वादळ इशारा देऊन येते. भूकंप देत नाही. त्याची वेळ आधी सांगण्याची रीत आजही कोणत्याही शास्त्रज्ञाकडे नाही.

या बाबतीत १९७८ चा जुना चित्रपट मला अधिक खरा वाटतो. त्यातले संकट भूकंपच आहे. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशावर क्षेपणास्त्र पडते, जमीन फाटते, आणि नायिका लोइस मोटारीसकट मातीत गाडली जाऊन मरते. नायक पोहोचतो, पण उशिरा. तो तिला बाहेर काढतो आणि रडतो. त्यानंतर पृथ्वीभोवती उलटे फिरून तो काळ मागे नेतो. ही थाप शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोठी. परंतु तिच्यातून चित्रपट एक गोष्ट कबूल करतो : मातीखाली गेलेले माणूस परत आणायचे तर काळच उलटा फिरवावा लागेल, दुसरा उपाय नाही. मृत्यूचे वजन त्याने लपवले नाही.

वर्गात हा विषय कसा घ्यावा

शिक्षकमित्रहो, मुलांना हे चित्रपट पाहू नका असे सांगून उपयोग नाही आणि तसे सांगायचे कारणही नाही. त्यांच्या भांडणाला थोडे गणित द्यावे.

पहिला प्रयोग वर दिलेल्या हिशेबाचा. मुलांना आवडते दृश्य निवडू द्या. इमारतीचे मजले मोजून वजन आणि स्थितिज ऊर्जा काढायला सांगा आणि ती धडकेच्या ऊर्जेशी ताडून पाहा. आकडे अंदाजाचे असतील. किती पट, एवढेच महत्त्वाचे.

दुसरा, आपल्या परिसराचा. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. ते नांदेडपर्यंत जाणवले आणि लोक घराबाहेर धावले. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ४.५ आणि ६.२ यांत १.७ चा फरक आहे, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाची ऊर्जा सुमारे ३५० पट. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले तर नांदेडचा तो हादरा आणि किल्लारीची पहाट यांतले अंतर त्यांना कायमचे समजेल.

तिसरा, पाहणीचा. १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जाई. २००२ च्या राष्ट्रीय नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. पुनर्वसनात दगडी घरांसाठी साधे उपाय शिकवले गेले : दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा, भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार लांब दगड आणि छतावरची जास्तीची माती उतरवणे. गावातील जुनी घरे, शाळेच्या खोल्या मुलांनी या नजरेने पाहाव्यात. लातूर-नांदेडमध्ये आता दगडी घरांपेक्षा खालचा मजला वाहनांसाठी मोकळा सोडलेल्या सिमेंटच्या इमारती वाढल्या आहेत आणि कितीतरी मुले तशाच इमारतींत राहून शिकतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती पडल्या, कारण सगळे वजन वर आणि खाली फक्त खांब. आपण राहतो त्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर खांबांखेरीज भिंती आहेत का, एवढे मुले सहज पाहू शकतात, आणि नसल्यास घरमालकाला अभियंत्याचा सल्ला घ्या असे म्हणू शकतात.

चौथा, वादाचा. विषय द्यावा : ‘पडद्यावर इमारत पाडण्याचा हक्क दिग्दर्शकाला केव्हा मिळतो?’ माझे उत्तर मी वर दिले आहे. आत कोण होते आणि पडणारे किती जड होते, या दोन्हींचा हिशेब तो देईल तेव्हा. २०१३ च्या चित्रपटाने दोन मिनिटांपुरता दिला, २०२५ च्या चित्रपटाने निम्मा दिला. मुलांचे उत्तर वेगळे असू शकेल. त्यांनी ते आकड्यांसह मांडावे म्हणजे झाले.

आज अकरावीत असलेली मुले किल्लारीनंतर पंधरा-सोळा वर्षांनी जन्मली. त्यांच्यासाठी तो भूकंप पुस्तकातला एक आकडा आहे. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत मात्र ती पहाट आठवणारी माणसे अजून आहेत. चित्रपटाच्या वादात ‘इमारतीत माणसं होती का?’ असा प्रश्न निघाला तर त्याचे उत्तर मुलांना मोबाइलवर शोधायला सांगू नये. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगावे.